जर्मनीत पहिल्यांदा रेल्वेनं जाताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातून जर्मनीला जाणारे मुख्यतः तीन प्रकारचे असतात: शिकायला जाणारी मुलं, टॉवेल-चादरीच्या व्यापारासाठी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाला जाणारे कारखानदार, आणि मुला-मुलींकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे आईवडील. तिघांचेही रेल्वेबद्दलचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

आम्हाला आयुष्यभर रेल्वेची सवय आहे. तिथे नेमकं काय वेगळं असतं?

आपल्याकडे तिकीट काढलं की गाडी, डबा आणि जागा हे तिन्ही एकदम ठरतं. जर्मनीत तिकीट वेगळं आणि जागा वेगळी. तिकीट म्हणजे प्रवासाचा हक्क. जागा हवी असेल तर ती वेगळे पैसे देऊन राखून ठेवायची. त्यामुळे वेटिंग लिस्ट, आरएसी, चार्ट यातलं काहीच तिथे नाही. गाडी भरली असली तरी सहसा तिकीट मिळतं, फक्त उभं राहावं लागू शकतं.

दुसरा फरक माणसांचा आहे. सोलापूर स्टेशनात काही कळलं नाही तर आपण हमालाला, चहावाल्याला, शेजारच्या प्रवाशाला विचारतो आणि उत्तर मिळतं. तिथे छोट्या स्थानकांवर अनेकदा एकही कर्मचारी नसतो. फलाटावर शिरताना फाटक नाही, तिकीट तपासायला दारात कोणी नाही, गाडी सुटताना कोणी हाक मारत नाही. जी माहिती आपण विचारून घेतो, ती तिथे सगळी पाटीवर किंवा मोबाइलवर लिहिलेली असते. ती वाचायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी लागते, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्याबद्दलचीच आहेत.

तिकीट कुठून काढायचं? किती आधी?

डॉइच बान ही तिथली सरकारी मालकीची रेल्वे कंपनी. तिचं डीबी नॅव्हिगेटर हे अ‍ॅप सोलापुरात बसूनही चालतं आणि इंग्रजीत वापरता येतं. वेळापत्रक, तिकीट, उशीर, फलाट क्रमांक, डब्यांची रचना हे सगळं या एकाच अ‍ॅपमध्ये आहे. एजंटाकडून तिकीट घेतलं तरी हे अ‍ॅप मोबाइलमध्ये हवंच.

आपल्याकडे ६० दिवस आधी आरक्षण उघडतं. तिथे लांब पल्ल्याची तिकिटं कित्येक महिने आधी मिळतात आणि विमानासारखी गाडी भरत जाईल तशी महाग होत जातात. प्रकार तीन आहेत:

- सुपर श्पारप्राइस: सर्वांत स्वस्त. ठरलेल्या गाडीतच बसायचं. रद्द केल्यास पैसे परत नाहीत.
- श्पारप्राइस: थोडं महाग. गाडी ठरलेलीच, पण प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत रद्द केलं तर १० युरो कापून बाकीचे पैसे मिळतात.
- फ्लेक्सप्राइस: सर्वांत महाग. त्या दिवशी त्या मार्गावरच्या कोणत्याही गाडीत बसता येतं.

पहिल्या दोन प्रकारांत तिकीट गाडीशी बांधलेलं असतं. अकराच्या गाडीचं तिकीट घेऊन, स्टेशनात लवकर पोचलो म्हणून दहाच्या गाडीत चढलात तर ते विनातिकीट धरलं जातं. जागा रिकामी होती ही सबब चालत नाही.

हे नियम आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आहेत. आरई, आरबी आणि एस-बान या स्थानिक गाड्यांचं तिकीट ठरावीक दराचं असतं. ते आधी काढून स्वस्त पडत नाही, स्टेशनात मशीनवर काढलं तरी चालतं.

विमान सकाळी फ्रँकफर्टला उतरतं. त्याच दिवशीचं पुढच्या गाडीचं स्वस्त तिकीट काढून ठेवावं का?

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथेच. विमान साडेसहाला उतरतं म्हणून साडेआठची सुपर श्पारप्राइस काढली जाते. मग विमानाला तासभर उशीर होतो, पासपोर्टच्या रांगेत तास जातो, बॅगा यायला अर्धा तास लागतो आणि गाडी निघून जाते. विमानाच्या उशिराला रेल्वे जबाबदार नसते. गाडी वेळेवर सुटली असेल तर तुमचं तिकीट संपलं, पुढच्या गाडीचं नवं काढायचं, तेही त्या दिवसाच्या चढ्या भावानं.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. शेंगेन भागात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, पहिल्यांदा शिरणाऱ्यानं पासपोर्टच्या रांगेसाठी जास्तीचा वेळ धरावा.

आमचं मत असं: विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत निदान चार तास ठेवता येत असतील तरच गाडीशी बांधलेलं तिकीट घ्या. नाहीतर पहिल्या दिवसापुरते जास्त पैसे मोजून फ्लेक्सप्राइस घ्या, किंवा बॅगा हातात आल्यावर अ‍ॅपवर जी गाडी दिसेल तिचं काढा. तिसरा मार्ग म्हणजे विमान कंपनीकडूनच विमान आणि रेल्वे असं एकत्र तिकीट घेणं. काही कंपन्या ते देतात, आणि विमानाला उशीर होऊन गाडी चुकल्यास पुढची कशी मिळेल ते त्या तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. अटी वाचूनच घ्या.

पैसे कसे भरायचे? यूपीआय चालतं का?

यूपीआय धरून चालू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड, नाहीतर फॉरेक्स कार्ड हवं. केवळ रुपे कार्डावर विसंबू नका. भारतातली कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशी वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करून पैसे देणं हे तिन्ही पर्याय सुरू करा आणि खर्चाची मर्यादा वाढवा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून त्या सिमचं रोमिंग सोलापुरातूनच सुरू करून घ्या. तिकडे गेल्यावर ओटीपी येत नाही आणि तिकीट अडकतं, ही रोजची तक्रार आहे.

स्टेशनातली मशीन नोटाही घेतात, पण लहान तिकिटासाठी मोठी नोट घेत नाहीत. ५, १० आणि २० युरोच्या नोटा जवळ ठेवा.

जागा राखून ठेवावी का?

दोन तासांपेक्षा लांबचा प्रवास, मोठ्या बॅगा, वयस्कर माणसं किंवा शुक्रवार-रविवारची दुपार, यांतलं एक जरी असेल तर होय. सेकंड क्लासला माणशी पाच-सहा युरो लागतात. राखीव जागेच्या वर किंवा बाजूला छोट्या पडद्यावर कुठून कुठपर्यंत राखीव आहे ते दिसतं. गाडी सुटल्यापासून १५ मिनिटांत तुम्ही जागेवर पोचला नाहीत तर हक्क जातो आणि तिथे दुसरा कोणी बसू शकतो. चुकीच्या डब्यात चढून सामानासह चालत येणाऱ्यांची जागा अशीच जाते.

राखीव जागा नसेल तर जिथे पडदा कोरा आहे तिथे बसा. रुऱ्हेबराइश असं लिहिलेला भाग शांततेचा असतो. तिथे फोनवर बोलायचं नाही, मोठ्यानं गप्पाही मारायच्या नाहीत. खिडक्यांच्या वर पिवळा पट्टा असलेला डबा फर्स्ट क्लासचा. सेकंडचं तिकीट असताना तिथे क्षणभर टेकणंही महागात पडू शकतं.

फ्रँकफर्ट विमानतळावर स्टेशन कुठे आहे?

एक नाही, दोन आहेत, आणि घोळ इथूनच सुरू होतो. टर्मिनल १ च्या खाली स्थानिक गाड्यांचं स्टेशन आहे, फलाट १ ते ३. शहरात जाणाऱ्या एस ८ आणि एस ९ इथून सुटतात. लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्यांचं स्टेशन वेगळं आहे, फलाट ४ ते ७. टर्मिनल १ मधून झाकलेल्या पुलावरून तिथे जाता येतं. बॅगा घेऊन दहा-पंधरा मिनिटं धरा. दुसऱ्या टर्मिनलला उतरलात तर आधी मोफत स्कायलाइन गाडीनं टर्मिनल १ गाठा.

एस ८ आणि एस ९ दोन्ही दिशांना धावतात. एका दिशेला फ्रँकफर्ट शहर, दुसऱ्या दिशेला वीसबाडेन. क्रमांक बरोबर असूनही माणसं उलट्या दिशेला जातात, कारण पाटीवरचं शेवटच्या स्थानकाचं नाव वाचलेलं नसतं. शहराकडे जाताना पाटीवरच्या थांब्यांत फ्रँकफर्ट हाउप्टबानहोफ हे नाव आहे याची खात्री करा, शेवटचं स्थानक त्याच्याही पुढचं असतं. तिथवर पंधरा मिनिटांच्या आत पोचता येतं.

हाउप्टबानहोफ म्हणजे शहराचं मुख्य स्टेशन. पाट्यांवर ते एच-बी-एफ असं तीन अक्षरांत लिहितात. एकाच शहरात अनेक स्टेशनं असतात, म्हणून तिकिटावर ही तीन अक्षरं आहेत का ते बघा. तिकीट शोधताना आणखी एक सावधगिरी: फ्रँकफर्ट नावाची शहरं दोन आहेत. आपल्याला हवं ते माइन नदीवरचं. दुसरं ओडर नदीवरचं, पोलंडच्या सीमेवर, शेकडो किलोमीटर दूर. यादीत दोन्ही एकाखाली एक दिसतात.

जानेवारीत हाइमटेक्स्टिल या फ्रँकफर्टच्या टॉवेल-चादरींच्या प्रदर्शनाला जायचं आहे. मेसेला कसं पोचायचं?

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतच हे प्रदर्शन येतं, २०२५ मध्ये १४ ते १७ जानेवारीला होतं. मेसे म्हणजे प्रदर्शनाचं आवार. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनातून तिथे जायचे दोन रस्ते आहेत. यू ४ ही भुयारी मेट्रो एकाच स्थानकानंतर फेस्टहाले/मेसे इथे उतरवते. दुसरा रस्ता जमिनीखालच्या १०१ ते १०४ या फलाटांवरून, एस ३, एस ४, एस ५ किंवा एस ६ नं मेसे या स्थानकाला. आवार प्रचंड मोठं आहे. तुमचा हॉल कोणत्या दाराजवळ आहे ते नकाशावर पाहून मग रस्ता निवडा, नाहीतर नमुन्यांच्या बॅगा घेऊन आतल्या आतच पुष्कळ चालावं लागतं.

प्रदर्शनाच्या दिवसांत शहरातली हॉटेलं फार महाग होतात, म्हणून पुष्कळ जण माइन्झ, वीसबाडेन किंवा डार्मश्टाटला उतरतात. डार्मश्टाटहून एस ३ थेट मेसेला जाते. माइन्झहून एस ८ नं मुख्य स्टेशन गाठून तिथे बदलावं लागतं. प्रदर्शनाच्या प्रवेशपत्रावर स्थानिक वाहतूक मोफत असल्याचा उल्लेख आहे का ते आधी वाचा.

फलाटावर पोचलो. आता नेमकं कुठे उभं राहायचं?

सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापुरातूनच सुटते, त्यामुळे ती आधी फलाटाला लागलेली असते. सामान चढवायला, पोचवायला आलेल्यांशी बोलायला वेळ मिळतो. जर्मनीत गाडी मधल्या स्टेशनात दोन ते चार मिनिटंच थांबते. तेवढ्यात डबा शोधत फलाटभर पळणं जमत नाही. म्हणून गाडी येण्याच्या दहा मिनिटं आधी पुढच्या क्रमानं वाचत जा:

१. मोठ्या पाटीवर गाडीचा क्रमांक आणि ग्लाइस शोधा. ग्लाइस म्हणजे फलाट. भिंतीवर कागदी वेळापत्रकही असतं. पिवळा कागद सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. पांढऱ्या कागदावर गाडी शोधणारे पुष्कळ असतात. पिवळाच वाचा.

२. कागदावर नेहमीचा फलाट छापलेला असतो, पण त्या दिवशी तो बदललेला असू शकतो. अखेरचा शब्द इलेक्ट्रॉनिक पाटीचा आणि अ‍ॅपचा.

३. फलाटाचे ए, बी, सी, डी असे भाग पाडलेले असतात आणि वर तशी अक्षरं टांगलेली असतात. अ‍ॅपमध्ये गाडीच्या नावावर टिचकी मारली की तुमचा डबा कोणत्या अक्षरासमोर येणार याचं चित्र दिसतं. त्या अक्षराखाली जाऊन थांबा.

४. गाडी येण्याच्या जरा आधी पाटी पुन्हा वाचा. डब्यांचा क्रम उलटा असल्याची सूचना असली तर गाडीचं तोंड फिरलेलं आहे. पुढचे डबे मागे येतील, म्हणजे तुम्ही दुसऱ्या टोकाला जायचं.

क्रम उलटण्याचं एक कारण समजून घेण्यासारखं आहे. फ्रँकफर्ट, म्युनिक, लाइपझिग इथली मुख्य स्टेशनं मुंबईच्या सीएसएमटीसारखी आहेत, रूळ तिथे संपतात. पुढे जाणारी गाडी आत आलेल्या वाटेनंच उलटी बाहेर पडते. तुम्ही गाडीच्या तोंडाकडे पाठ करून बसला असाल तर फ्रँकफर्टनंतर तोंड करून बसलेले असाल. गाडी परत निघाली असं वाटून घाबरू नका.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. कित्येक आयसीई दोन गाड्या एकमेकींना जोडून धावतात आणि त्यांच्यामधून आतून जाता येत नाही. काही ठिकाणी वाटेत त्या सुटून दोन वेगळ्या गावांना जातात. बर्लिनहून येणारी गाडी हाम या स्टेशनात दुभंगते: एक भाग वुपरटालमार्गे कोलोनला, दुसरा ड्यूसेलडॉर्फकडे. म्हणजे गाडी बरोबर आणि भाग चुकीचा, असं होऊ शकतं. दाराजवळच्या पडद्यावर त्या डब्याचं शेवटचं स्थानक लिहिलेलं असतं, चढताना ते वाचा. चुकीच्या भागात चढलातच तर आत बसून राहा आणि पुढच्या थांब्यावर, गाडी दुभंगण्याआधी, उतरून दुसऱ्या भागात चढा.

दार उघडतच नाही!

दाराजवळचं बटण दाबा. ते हिरवं उजळलं की दार उघडतं. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या. सुटण्याच्या वेळेआधी काही क्षण दारं बंद होतात आणि मग बटण दाबून काही होत नाही. १०:०२ ची गाडी म्हणजे १०:०१ ला तुम्ही आत असायला हवं. धावती गाडी पकडणं हा प्रकार तिथे नाही.

जर्मन गाड्या एकदम वेळेवर असतात ना?

नाही. या समजुतीमुळे माणसं गाडी बदलायला पाच मिनिटं ठेवतात आणि अडकतात. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडी तिथे वेळेवरच धरतात. जुने रूळ, ठिकठिकाणी चाललेली दुरुस्ती आणि एकाच मार्गावर धावणाऱ्या जलद, स्थानिक, मालगाड्या ही त्याची मोठी कारणं. पुणे-दौंड मार्गावर गाडी बाजूला काढून ठेवलेली ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे लगेच कळेल.

म्हणून तिकीट काढतानाच अ‍ॅपमध्ये गाडी बदलण्याचा किमान वेळ ३० मिनिटं करून घ्या. दिवसातल्या शेवटच्या गाडीवर विसंबू नका. आणि पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढा. दोन तुकड्यांत दोन तिकिटं काढली आणि पहिल्या गाडीच्या उशिरानं दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. एकच तिकीट असेल तर ती रेल्वेची.

मुक्कामाच्या स्टेशनात पोचायला २० मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं की गाडीशी बांधलेलं तिकीटही मोकळं होतं आणि दुसऱ्या गाडीनं जाता येतं. उशिराचं चित्र अ‍ॅपमध्ये दिसत असताना मोबाइलच्या पडद्याचा फोटो घेऊन ठेवा, टीसीला दाखवायला उपयोगी पडतो.

मुक्कामाला ६० मिनिटं उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि १२० मिनिटांना ५० टक्के परत मागता येतात. मागणी अ‍ॅपमधूनच, तीन महिन्यांच्या आत. वादळासारख्या रेल्वेच्या हाताबाहेरच्या कारणानं उशीर झाला असेल तर हे पैसे मिळतीलच असं नाही.

पाटीवरचे कोणते जर्मन शब्द ओळखता यायला हवेत?

लांब पल्ल्याच्या गाडीत घोषणा बहुधा इंग्रजीतही होतात, फलाटावर मात्र अनेकदा फक्त जर्मन असतं. एवढे पुरतात: आबफार्ट म्हणजे सुटणं, आनकुन्फ्ट म्हणजे येणं. फर्श्पेटुंग म्हणजे उशीर. फेल्ट आउस म्हणजे गाडी रद्द, आणि हा शब्द दिसला की वाट बघत उभं राहू नका. ऊमश्टायगन म्हणजे गाडी बदलणं. आउसगांग म्हणजे बाहेरचा रस्ता. एरझात्सफरकेअर म्हणजे रेल्वेऐवजी बस: रुळांची दुरुस्ती असली की स्टेशनाबाहेरून बस सुटते आणि तुमचं तिकीट तिच्यात चालतं. लिंक्स म्हणजे डावीकडे, रेश्ट्स म्हणजे उजवीकडे. पुढच्या स्टेशनात कोणत्या बाजूनं उतरायचं ते याच शब्दांत सांगतात.

एस-बान, यू-बान यांत काय फरक? तिकीट पंच करायचं म्हणजे काय?

हिरव्या वर्तुळात पांढरं एस अक्षर म्हणजे उपनगरी रेल्वे, मुंबईच्या लोकलसारखी. निळ्या चौकोनात यू म्हणजे शहराची मेट्रो. एका शहराच्या हद्दीत सहसा एकच तिकीट दोन्हींत, बसमध्ये आणि ट्राममध्ये चालतं.

बर्लिन, म्युनिकसारख्या शहरांत मशीनमधून काढलेलं कागदी तिकीट प्रवासाआधी फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. फ्रँकफर्टमध्ये तिकिटावर वेळ आधीच छापलेली असते, शिक्का लागत नाही. शिक्क्याविना प्रवास म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो. साध्या कपड्यातले तपासनीस अचानक डब्यात येतात. फाटक नसल्यामुळे कोणी बघत नाही असं वाटतं, पण पहिल्यांदाच आलोय हे कारण ते ऐकून घेत नाहीत.

डॉइचलांड-तिकीट घ्यावं का?

महिनाभर किंवा जास्त राहणार असाल आणि स्थानिक गाड्यांनी फिरणार असाल तर जरूर. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. देशभरातल्या स्थानिक गाड्या, मेट्रो, ट्राम आणि शहर बस त्यात येतात. आयसीई, आयसी, ईसी येत नाहीत, आणि हे न कळल्यामुळे पुष्कळांना दंड भरावा लागतो. तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. महिनाअखेर बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा. परतीचं विमान महिन्याच्या शेवटी असेल तर हे विसरू नका.

विद्यार्थ्यांनी आधी विद्यापीठात चौकशी करावी. बऱ्याच ठिकाणी सत्राच्या शुल्कातच हे तिकीट सवलतीनं येतं.

सामान किती नेता येतं? हमाल मिळतो का?

वजनाचं बंधन किंवा जादा शुल्क नाही, पण हमालही नाही. तुमच्या बॅगा तुम्हालाच पायऱ्यांवरून डब्यात चढवायच्या आहेत. विमानात तेवीस किलोच्या दोन बॅगा चालतात म्हणून दोन्ही नेल्या, तर दोन-चार मिनिटांत त्या घेऊन एकट्यानं चढणं कठीण आहे. एकटे असाल तर एक मोठी बॅग आणि एक पाठीवरची, एवढंच ठेवा. मोठ्या बॅगांची जागा दाराजवळ आणि डब्याच्या मध्यभागी असते. वाटेत किंवा दारात ठेवू दिल्या जात नाहीत.

मोठ्या स्टेशनात सामानाची कुलूपबंद कपाटं भाड्यानं मिळतात. बॅग फलाटावर सोडून चहा आणायला जाऊ नका. बेवारस बॅग दिसली की पोलीस येतात, कधी फलाटही रिकामा करतात. फ्रँकफर्ट आणि कोलोनच्या मुख्य स्टेशनात पाकीटमारी होते. पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवा.

गाडीत आपलं जेवण खाल्लं तर चालतं का?

खुशाल खा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्याइतकं प्रवासाला सोयीचं दुसरं काही नाही: सांडत नाही, विटत नाही, गरम करावं लागत नाही. रश्श्याचं आणि उग्र वासाचं मात्र बंद डब्यात टाळा, खिडक्या उघडत नाहीत. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपात न्यायला बंदी आहे, ते बॅगेत भरूच नका.

डब्यात चहा-वडा विकत कोणी फिरत नाही. आयसीईमध्ये खाण्यापिण्याचा वेगळा डबा असतो, पण कधीकधी तो बंदही असतो. टॉयलेटमधलं पाणी पिण्याचं नसतं. स्टेशनात बाटली घेताना श्टिल असं लिहिलेली घ्या, नाहीतर सोड्यासारखं पाणी मिळतं. बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनला दिली की परत मिळते.

टॉयलेट?

गाडीत मोफत. स्टेशनात साधारण एक युरो, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. पाण्याची सोय नसते, टिश्यू असतो.

आईबाबा एकटेच येणार आहेत. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही. काय करावं?

जमत असेल तर मुलानं किंवा मुलीनं विमानतळावर घ्यायला यावं. ते अशक्य असेल तर गाडी बदलावी न लागणारा प्रवास निवडा, दोन तास जास्त लागले तरी चालेल. जागा राखून ठेवा. तिकीट मोबाइलमध्ये आणि कागदावर असं दोन्ही द्या. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे असू द्या, टीसी ओळखपत्र मागू शकतो.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत जर्मनमध्ये लिहून द्या: कुठे जायचं, गाडी क्रमांक, डबा, जागा, उतरण्याची वेळ, तुमचा फोन. तो कागद कोणाही कर्मचाऱ्यापुढे धरला तरी काम होतं. उतरण्याच्या स्टेशनाआधीच्या दोन थांब्यांची नावं आणि वेळाही लिहा, म्हणजे तयारीला लागता येतं.

चढ-उतार करायला किंवा व्हीलचेअरची मदत हवी असेल तर रेल्वेकडे आदल्या दिवशीपर्यंत नोंदवावी लागते, आयत्या वेळी सहसा मिळत नाही. मोठ्या स्टेशनांत बानहोफ्समिसिओन नावाची सेवाभावी संस्था असते. गोंधळलेल्या प्रवाशाला ते बसवून घेतात, गाडीपर्यंत सोबत येतात, पैसे घेत नाहीत. आईबाबांना हे नाव पाठच करून द्या. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११२.

लहान मुलांचं तिकीट लागतं का?

सहा वर्षांखालच्यांना नाही. सहा ते चौदा वर्षांची मुलं आईवडिलांसोबत लांब पल्ल्याच्या गाडीत मोफत जातात, पण तिकीट काढतानाच त्यांची संख्या टाकावी लागते. नंतर गाडीत सांगून चालत नाही. जागा मात्र मुलांसाठीही वेगळी राखावी.

चुकीच्या गाडीत चढलो तर?

साखळी ओढू नका, कारण नसताना ओढणं हा गुन्हा आहे. टीसीला लगेच शोधून तिकीट दाखवा. तो येण्याआधी आपण गेलेलं केव्हाही चांगलं. पुढच्या थांब्यावर उतरा, अ‍ॅपमध्ये तिथून नवा रस्ता शोधा.

गाडीत मोबाइल चार्ज होतो का? नेट मिळतं?

आयसीईत जागेजवळ प्लग असतो आणि वायफाय मोफत आहे. प्लग दोन गोल पिनांचा लागतो. आपला तीन पिनांचा बसत नाही, अ‍ॅडॅप्टर नवी पेठेतूनच घेऊन जा. तिकीट अ‍ॅपमध्ये उतरवून ठेवा, बोगद्यात नेट जातं आणि टीसी नेमका तेव्हाच येतो.

निघण्याआधी घरबसल्या सराव करता येतो का?

येतो, आणि आम्ही तो प्रत्येकाला करायला सांगतो. अ‍ॅपमध्ये तुमच्या प्रवासाचीच गाडी आजच्या तारखेला शोधा. हिवाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते बदलतं. म्हणजे जानेवारीत तिथे दुपारी बाराला सुटणारी गाडी सोलापुरात संध्याकाळी साडेचारला बघायला मिळते. सव्वाचारला अ‍ॅप उघडा. फलाट क्रमांक वाचा, डब्यांचं चित्र उघडून उदाहरणार्थ एकवीस नंबरचा डबा कोणत्या अक्षराखाली येतो ते शोधा, उशीर दिसतोय का बघा, आणि गाडी बदलायच्या स्टेशनात पुढची गाडी मिळाली असती की चुकली असती ते मोजा. आठवडाभर रोज हे केलं की त्या मार्गावर बदलून घ्यायची कोणती गाडी भरवशाची आहे हे तिकीट काढण्याआधीच कळतं.